सेदिन बंधू आणि पाऊण मिनिटाची पाळी

१९९९च्या जूनमध्ये बॉस्टनला नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीच्या लीगचा, ड्राफ्ट झाला. नव्या खेळाडूंची निवड संघ इथे पाळीपाळीने करतात. व्हँकुव्हर कनक्स संघाचे व्यवस्थापक ब्रायन बर्क यांच्या हातात तिसरी पाळी होती आणि त्यांना हवे होते दोन खेळाडू : स्वीडनचे जुळे भाऊ, डॅनियल आणि हेन्रिक सेदिन. बर्क यांनी एक चांगला बचावपटू देऊन चौथी पाळी घेतली, तिच्या बदल्यात पहिली मिळवली, आणि ती अटलांटाला देऊन दुसरी घेतली, तीही अटलांटाने सेदिनना हात लावायचा नाही या बोलीवर. डॅनियल दुसरा निवडला गेला, हेन्रिक तिसरा.

एवढी उलाढाल कशासाठी, हे समजायला संघाची रचना पाहावी लागते. लीगमध्ये एका संघाच्या यादीत जास्तीत जास्त २३ खेळाडू असतात आणि सामन्याला त्यातले २० उतरतात : दोन गोलरक्षक, साधारण बारा आघाडीपटू आणि सहा बचावपटू. बर्फावर मात्र एका वेळी सहाच. गोलरक्षक, दोन बचावपटू, मधला सेंटर आणि त्याच्या दोन बाजूंचे विंगर. आघाडीच्या या त्रिकुटाला 'लाइन' म्हणतात. अशा चार लाइन आलटून पालटून, खेळ न थांबवता, कठड्यावरून उड्या मारत आत-बाहेर करतात. खो-खोत बचावाला तिघातिघांची तुकडी येते, ती डोळ्यांसमोर आणा. फक्त इथे बाद व्हायची वाट पाहत नाहीत.

वाट पाहायला शरीरच तयार नसतं. पूर्ण वेगाने स्केटिंग करताना स्नायू आधी क्रिएटिन फॉस्फेटचा साठा वापरतात. तो दहाएक सेकंदांत ओसरतो. मग ऑक्सिजनची वाट न बघता ग्लुकोज तोडून ऊर्जा काढली जाते. त्यात आम्लता वाढते, मांड्या जड होतात. म्हणून एक पाळी, म्हणजे शिफ्ट, साधारण ४५ सेकंदांची. चारही लाइनना सारखा वेळ दिला तर प्रत्येकीला सव्वादोन मिनिटं विश्रांती मिळते, आणि तेवढ्यात साठा बराचसा भरून येतो. प्रत्यक्षात पहिल्या लाइनला वेळ जास्तच मिळतो.

आता जुळेपण. हजार बाळंतपणांत साधारण चार वेळा एकाच फलित बीजांडाचे दोन भाग होऊन एकसारखी जुळी जन्मतात. सेदिन त्यातले. संशोधक क्लॉड बूशार यांच्या गटाने १९८०च्या दशकात अशा दहा जोड्यांना वीस आठवडे एकसारखा व्यायाम दिला होता. ऑक्सिजन वापरायची क्षमता कुणाची किती वाढली, यात जोडी-जोडीत मोठा फरक दिसला. जोडीतल्या दोघांत मात्र बराच कमी. म्हणजे सरावाला शरीर किती दाद देतं, यातही जनुकांचा वाटा आहे. दोन्ही सेदिन दमसासात बरोबरीचे होते, यात नवल नाही.

पण 'टेलिपथी'? समालोचकांचा हा लाडका शब्द मला पटत नाही. दहा मीटरवरून ताशी ७० किलोमीटरने आलेला पास अर्ध्या सेकंदात पोचतो. त्यातला पाव सेकंद तर डोळ्यांनी पाहून हात हलवण्यातच जातो. म्हणून पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, सुटल्यावर नव्हे, सुटण्याआधीच, सोबत्याच्या खांद्यावरून आणि स्टिकच्या कोनावरून अंदाज बांधावा लागतो. हा अंदाज हजारो तास एकत्र खेळून तयार होतो. जुळे घरातही एकत्र, सरावातही एकत्र. त्यांना हे तास सहज मिळाले.

शिवाय ते एकसारखे खेळतही नव्हते. चौदाव्या वर्षापर्यंत ते एका लाइनमध्ये नव्हतेच. तेव्हा सेंटर असलेला डॅनियल विंगवर गेला आणि जोडी जमली. पुढे कारकीर्दभर हेन्रिक पास देत राहिला आणि डॅनियल मारत राहिला. हेन्रिकचे २४० गोल आणि ८३० असिस्ट, म्हणजे ज्यावरून सोबत्याने गोल केला असे पास. डॅनियलचे ३९३ गोल, ६४८ असिस्ट. जनुकं तीच असूनही आकडे असे फाकले, कारण नेमून दिलेली जागा वेगळी होती.

नकळत एक प्रयोगही झाला. २००९-१०च्या मोसमात पाय मोडल्यामुळे डॅनियल ८२पैकी ६३च सामने खेळला. जुळ्याशिवाय हेन्रिक अडखळेल, असं वाटलं असतं. त्याने २९ गोल केले, कारकिर्दीतले सर्वाधिक, आणि ११२ गुणांसह (गोल आणि असिस्ट मिळून) लीगमध्ये पहिला आला. पुढच्या मोसमात १०४ गुण मिळवून पहिला आला डॅनियल.

५ एप्रिल २०१८, व्हँकुव्हरमधला त्यांचा शेवटचा सामना, जादा वेळ. डॅनियलच्या पाठीवर २२, हेन्रिकच्या ३३. हेन्रिकचा पास, डॅनियलचा फटका, गोल. घड्याळात जादा वेळेची २ मिनिटं ३३ सेकंद झाली होती. याला मात्र माझ्याकडे काही शास्त्रीय स्पष्टीकरण नाही. तो निव्वळ योगायोग.