अनामत जप्त होणे (ठाणे व नवी मुंबईतील विधानसभा निवडणुका)

अनामत जप्त होणे : विधानसभा निवडणुकीत हरलेल्या उमेदवाराला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मते मिळाली नाहीत, तर उमेदवारी अर्जासोबत त्याने भरलेली रक्कम सरकारजमा होते. कागदोपत्री तिला ‘अनामत’ म्हणतात; बोलण्यात मात्र ‘डिपॉझिट गेलं’ किंवा ‘डिपॉझिट गुल’. रक्कम १०,००० रुपये. प्रचारात एका दिवसाच्या वडापाव-चहाला याहून जास्त लागतात, तेव्हा पैशासाठी कुणी हळहळत नाही. ठाण्यात किंवा नवी मुंबईत एखादा किती मतांनी पडला हे लोक चार महिन्यांत विसरतात. डिपॉझिट गेल्याचे मात्र पुढच्या निवडणुकीत विरोधकांच्या भाषणात हमखास निघते.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये या रकमेची तरतूद कलम ३४ मध्ये आहे, आणि ती परत कधी मिळते, कधी नाही हे कलम १५८ सांगते. सुरुवातीला विधानसभेसाठी अनामत २५० रुपये होती आणि ती चाळीसहून अधिक वर्षे तशीच राहिली. १९९६ च्या तमिळनाडू विधानसभा निवडणुकीत एका जागेवर, मोडकुरिचीत, १,०३३ उमेदवार उभे राहिले. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात सीमाप्रश्नाच्या निषेधापोटी मराठी भाषकांनी अर्जांचा पाऊस पाडला आणि ४५६ जण रिंगणात उतरले. त्याच वर्षी कायदा बदलला, विधानसभेची अनामत ५,००० रुपये झाली आणि अपक्षाला एकाऐवजी दहा सूचकांच्या सह्या आणणे भाग पडले. आजचा १०,००० चा आकडा २०१० पासूनचा. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी रक्कम भरावी लागते, आणि ही सवलत माणसाला आहे, जागेला नाही. अंबरनाथसारख्या राखीव मतदारसंघात ती लागते तशीच ठाणे शहराच्या खुल्या जागेवरही.

नियमातली खोच ‘पेक्षा जास्त’ या शब्दांत आहे. वैध मते १,८०,००० असतील तर ३०,००० मते मिळवणाऱ्याची अनामत जाते, ३०,००१ मिळवणाऱ्याची वाचते. ‘नोटा’ला पडलेली मते या हिशेबात धरत नाहीत, बाद झालेली टपाली मतेही नाहीत. निवडून आलेल्याला हा नियम लागत नाही, मग मते कितीही कमी असोत. दोन जागांवरून लढणाऱ्याला दोन्हीकडे भरपूर मते पडली तरी एकच अनामत परत मिळते, दुसरी जाते.

एक षष्ठांशाची रेषा हरलेल्याची ताकद मोजते असा सर्वसाधारण समज आहे, पण तो अर्धाच खरा. ही रेषा पुष्कळदा बाकीच्यांत मते कशी वाटली गेली तेच मोजते. बेलापूर हे त्याचे उत्तम उदाहरण. २०१४ मध्ये मतदानाच्या आदल्या महिन्यात भाजप-शिवसेना युती तुटली, काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीही तुटली आणि चारही मोठे पक्ष स्वतंत्र लढले. भाजपच्या मंदा म्हात्रे यांना ५५,३१६, राष्ट्रवादीचे गणेश नाईक यांना ५३,८२५ आणि शिवसेनेचे विजय नाहटा यांना ५०,९८३ मते मिळाली. नाईक १,४९१ मतांनी पडले. तिसऱ्या क्रमांकावरचे नाहटा, जे सनदी सेवेतून आले आणि नवी मुंबईचे महापालिका आयुक्तही होते, त्यांचे डिपॉझिट सुखरूप राहिले. दहा वर्षांनी त्याच मतदारसंघात नाहटा अपक्ष म्हणून उतरले तेव्हा लढत म्हात्रे आणि संदीप नाईक यांच्यात अटीतटीची झाली. म्हात्रे ९१,८५२, नाईक ९१,४७५, फरक ३७७. या दोघांचीच बेरीज १,८३,३२७ होते आणि तिचा सहावा हिस्सा साडेतीस हजारांवर जातो. बाकीच्यांची मते मिळवली की रेषा आणखी वर सरकते. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर कुणीही वीस हजारांच्या पलीकडे गेले नाही, त्यामुळे पहिले दोघे वगळून सगळ्यांची अनामत गेली. गंमत अशी की ३७७ च्या फरकापुढे या जप्त झालेल्यांतल्या कित्येकांची मते निकाल फिरवायला पुरेशी होती.

याच्या अगदी उलट चित्र खाडीअलीकडे, कोपरी-पाचपाखाडीत. २०२४ मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांना १,५९,०६० मते पडली, समोरचे केदार दिघे ३८,३४३ वर थांबले. फरक १,२०,७१७ चा, जिल्ह्यातल्या मोठ्या पराभवांपैकी एक. तरीही दिघे यांचे डिपॉझिट वाचले, कारण तिसरा कुणी नावापुरताच होता. सव्वा लाखाच्या आसपास मतांनी हरलेला अनामत घेऊन घरी जातो आणि बेलापुरात दोन जणांच्या झटापटीत सापडलेला तिसरा ती गमावतो. अशा वेळी ‘जनतेने साफ नाकारले’ हे वाक्य कुणाला लावायचे, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

सलग हरूनही अनामत राखणारे हा ठाणे-नवी मुंबईतला एक वेगळाच वर्ग आहे, आणि त्याची दखल घ्यायला हवी. विजय चौगुले २००९ मध्ये ठाणे लोकसभेला संजीव नाईकांकडून आणि त्याच वर्षी ऐरोली विधानसभेला संदीप नाईकांकडून हरले. २०१४ मध्ये ऐरोलीत पुन्हा तेच झाले. २०२४ मध्ये शिंदे यांच्या शिवसेनेतून बंडखोरी करून अपक्ष उभे राहिले तेव्हा समोर गणेश नाईक होते. चौगुले दुसऱ्या क्रमांकावर राहिले आणि मते पन्नास हजारांच्या वर गेली. ठाणे शहरात मनसेचे अविनाश जाधव २०१९ ला संजय केळकरांविरुद्ध १९,४२४ मतांनी पडून दुसरे, तर २०२४ ला शिवसेनेचे (उद्धव बाळासाहेब ठाकरे) राजन विचारेही मैदानात असताना तिसरे. अनामत दोन्ही वेळा शाबूत. अशा पराभूतांकडे पक्ष दुर्लक्ष करत नाहीत. पुढच्या वेळी एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद) कुणाला द्यायचा या चर्चेत जुन्या मतांचा आकडा हाच त्यांचा मुख्य दाखला असतो.

अनामत वाचवण्याचा खात्रीचा मार्ग एकच, माघार. छाननीत अर्ज बाद झाला तरी पैसे परत मिळतात, आणि ठरलेल्या दिवशी दुपारी तीनच्या आत माघारीचा कागद दिला तरी. तो उमेदवाराने स्वतः द्यावा लागतो, नाहीतर त्याने लेखी अधिकार दिलेल्या सूचकाने किंवा निवडणूक प्रतिनिधीने. दिल्यावर फिरवता येत नाही. २०२४ मध्ये छाननी ३० ऑक्टोबरला आणि माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला होती, म्हणजे मधले सगळे दिवस दिवाळीचे. भाऊबीज ३ तारखेला. नाराजांची मनधरणी त्या वर्षी फराळाच्या ताटासमोर झाली. तीन वाजून गेल्यावर पाठिंब्याचे पत्रक काढले तरी यंत्रावरचे नाव हलत नाही, आणि ते बटण दाबणारे शे-पाचशे लोक निघतातच. एका मतपत्रिका यंत्रावर सोळा बटणे, शेवटचे ‘नोटा’चे. म्हणून पंधराच्या वर उमेदवार गेले की प्रत्येक केंद्रावर दुसरे यंत्र जोडावे लागते.

मतमोजणीच्या दिवशी ही रेषा कशी दिसते ते मोजणी प्रतिनिधींच्या बाकावर बसल्याशिवाय कळत नाही. पुढचे दोघे आघाडी-पिछाडीत गुंतलेले असतात. तिसऱ्याचा माणूस मात्र जाळीला नाक लावून प्रत्येक फेरीची बेरीज पाठोपाठ सहाने भागत असतो, बहुधा मतदार यादीच्या जुन्या पानावर, पेन्सिलीने. आपल्या वस्तीची यंत्रे कोणत्या फेरीत उघडणार हे त्याला पाठ असते. दहाव्या फेरीत रेषेच्या वर असलेला आकडा अठराव्या फेरीत खाली जातो, कारण स्वतःची मते वाढली नाहीत तरी भाजक तोच आणि भाज्य वाढत जाते. निकालाच्या घोषणेआधीच हा माणूस कागदाची घडी खिशात घालून बाहेर पडलेला असतो.

अनामत गेली म्हणून पुढे लढायला कोणतीही आडकाठी येत नाही. अडथळा येतो तो दुसऱ्याच कागदामुळे. निकालापासून तीस दिवसांत प्रत्येक उमेदवाराने, मग तो जिंकलेला असो वा शंभर मतांचा अपक्ष, निवडणूक खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे सादर करायचा असतो. महाराष्ट्रात विधानसभेसाठी खर्चाची मर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये आहे. हिशेब न देणाऱ्याला आणि तसे सबळ कारणही न दाखवणाऱ्याला निवडणूक आयोग कलम १० अ खाली तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. डिपॉझिट गेल्याच्या रागात घरी बसून राहिलेले अपक्ष नेमके इथे अडकतात.