पॅनकेक ब्लॉक

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमण करणाऱ्या संघाच्या आघाडीच्या फळीतील खेळाडूने समोरच्या बचावपटूला रेटत नेऊन थेट पाठीवर पाडणे, याला पॅनकेक ब्लॉक म्हणतात. पडलेला गडी तव्यावरच्या पॅनकेकसारखा सपाट पसरतो, म्हणून हे नाव. (पॅनकेक म्हणजे आपल्या धिरड्याचा जाडसर भाऊबंद, अमेरिकेत तो न्याहारीला सिरप ओतून खातात.) कुस्तीच्या भाषेत हे चीतपट करणेच झाले. पण आखाड्यात पाठ लागली की कुस्ती निकाली निघते. इथे पाठ लावणाऱ्याला गुण नाही, आणि सामन्याच्या अधिकृत आकडेवारीत त्याची नोंदही होत नाही. तरीही अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलच्या चाहत्यांनी एरवी कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या खेळाडूंचे कौतुक याच शब्दाभोवती उभे केले. त्या कौतुकाचा सर्वांत मोठा मानकरी ओहायो स्टेट विद्यापीठाचा ओरलँडो पेस.

फळीचे काम

मैदानात प्रत्येक संघाचे ११ खेळाडू असतात. आक्रमण करणाऱ्या संघात त्यांतले पाच जण आघाडीच्या फळीत उभे राहतात : मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला दोन टॅकल. त्यांच्या जर्सीवर सहसा ५० ते ७९ मधला क्रमांक असतो आणि पुढे फेकलेला पास झेलण्याची त्यांना मुभा नसते. सेंटर चेंडू मागे देतो, तेवढाच काय तो या पाचांचा चेंडूशी संबंध. चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकला पळायला वाट करून द्यायची आणि पास देणारा क्वार्टरबॅक चेंडू फेकेपर्यंत त्याला कोणी गाठू नये म्हणून भिंत धरायची, ही त्यांची दोन कामे.

काम चोख झाले तर दिसत नाही, ही या जागेची मोठी अडचण. रनिंग बॅक किती यार्ड पळाला हे मोजतात, क्वार्टरबॅकचे पास मोजतात, बचावपटूने क्वार्टरबॅकला किती वेळा लोळवले म्हणजे किती सॅक घेतले तेही मोजतात. फळीतल्या गड्याच्या खात्यावर मात्र काहीच पडत नाही. त्याचा क्रमांक ध्वनिक्षेपकावर ऐकू येतो तो बहुतेक वेळा चूक झाल्यावर : समोरच्याला पकडून ठेवले तर होल्डिंग, १० यार्डांची शिक्षा, चेंडू निघण्याआधी हलला तर ५ यार्ड. सासुरवाडीच्या लग्नातल्या आचाऱ्यासारखे हे. भात करपला तरच लोक त्याचे नाव विचारतात.

डाव कसा साधतो

चेंडू निघण्याआधी खेळाडू एक हात जमिनीला टेकवून, पाठ सपाट आणि कंबर खाली ठेवून सज्ज असतो. पहिले पाऊल लहान, जेमतेम वीतभर पडते. लांब टांग टाकली की तोल गेलाच. दुसरे पाऊल जमिनीला लागेपर्यंत दोन्ही पंजे समोरच्याच्या छातीवर बसलेले हवेत, अंगठे वर आणि कोपरे अंगालगत. मग खालून वर असा कमरेचा झटका येतो आणि पाय बारीक, जलद पावलांनी चालत राहतात. ज्याचे खांदे खाली, त्याची सरशी, हे या फळीच्या प्रशिक्षकांचे पहिले सूत्र. बचावपटूचे वजन एकदा का टाचांवर गेले की खेळ संपल्यात जमा. तो सावरायला मागे पाऊल टाकतो आणि रेटणारा तेवढीच जागा भरून काढतो. शेवटच्या अर्ध्या सेकंदात अंगाचा भार वर टाकून त्याला आडवा करायचा, याला फिनिश म्हणतात. हे सगळे दोन-तीन सेकंदांत आटोपते.

हात छातीवरून घसरून खांद्याबाहेरच्या जर्सीत अडकले तर होल्डिंग. शिट्टी वाजल्यावरही रेटत राहिला तर १५ यार्डांचा दंड. त्यामुळे नियमात राहून दीडशे किलोच्या तयारीच्या माणसाला उताणा पाडणे दिसते तितके दांडगाईचे काम नाही. पावलांचा मेळ बिघडला की ताकद वाया जाते. समोरचा स्वतःच्याच पायात अडकून पडला, गुडघ्याशी झेप घेऊन त्याला पालथा केला, किंवा दोघांनी मिळून एकाला लोटला, तर जाणकार नाक मुरडतात. त्यांच्या लेखी पॅनकेक म्हणजे एकाला एक आणि पाठ जमिनीला.

हा डाव मुख्यतः चेंडू घेऊन पळण्याच्या खेळीत साधतो, कारण तेव्हा फळी पुढे चाल करते. पासच्या वेळी तीच फळी मागे सरकत बचाव करते. तिथे समोरच्याला न पाडता नुसते रोखले तरी काम फत्ते. मायामी विद्यापीठाचा ब्रायंट मॅकिनी आपल्या बाजूने एकही सॅक होऊ दिला नाही म्हणून नावाजला गेला आणि फळीतल्या सर्वोत्तम गड्याला मिळणारा आउटलँड करंडक त्याने २००१ मध्ये घेतला. पण न झालेल्या गोष्टीचे छायाचित्र निघत नाही. पॅनकेकचे निघते.

पेसच्या आधी

फळीतल्या खेळाडूंची दखल कोणी घेतच नव्हते असे नाही. अमेरिकेतील फुटबॉल लेखकांच्या संघटनेतर्फे १९४६ पासून आउटलँड करंडक दिला जातो; तो आक्रमक किंवा बचाव फळीतल्या सर्वोत्तम गड्यासाठी आहे. ओहायो स्टेटच्या जिम पार्करने तो १९५६ मध्ये मिळवला. नेब्रास्काचा सेंटर डेव्ह रिमिंग्टन याने १९८१ आणि १९८२ असा लागोपाठ दोनदा जिंकला. त्याच्या नावाने २००० पासून सर्वोत्तम सेंटरला वेगळा करंडक मिळतो. नेब्रास्कात फळीला पाइपलाइन म्हणत, आणि तिथे कोणी किती पॅनकेक केले याचा हिशेबही विद्यापीठ ठेवत असे. शब्द पेसने जन्माला घातला नाही, हे यावरून ध्यानात यावे.

हाइझमन करंडकाची गोष्ट वेगळी. १९३५ पासून चालत आलेला हा कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत मोठा वैयक्तिक सन्मान. सेंटर, गार्ड किंवा टॅकलला तो आजवर एकदाही मिळालेला नाही. अगदी जवळ पोचलेल्यांतला एक ओहायो स्टेटचाच टॅकल जॉन हिक्स : १९७३ मध्ये पेन स्टेटच्या जॉन कॅपेलेटीच्या मागे दुसरा. कॅपेलेटी रनिंग बॅक होता, हे सांगायला नकोच.

ओरलँडो पेस

पेसचा जन्म ४ नोव्हेंबर १९७५ रोजी ओहायोतील ईरी सरोवराकाठच्या सँडस्की गावचा. १९९४ मध्ये तो कोलंबसला ओहायो स्टेट विद्यापीठात आला आणि पहिल्याच वर्षी डाव्या टॅकलच्या जागी उतरला. ही गोष्ट तेव्हा विरळाच होती. या फळीत नवख्या पोराला सहसा एक-दोन वर्षे व्यायामशाळेत आणि राखीव बाकावर काढावी लागतात, कारण समोर बावीस वर्षांचे तयार गडी असतात. उंची ६ फूट ७ इंच, वजन सुमारे १४५ किलो. त्या मापाची माणसे आणखीही होती. पेस पळत असे, हे त्याचे वेगळेपण. समोरच्याला पाडून तो तिथेच थांबत नसे; पुढे धावत जाऊन दुसऱ्याला शोधत असे, आणि पाठीमागून चेंडू घेऊन येणाऱ्या गड्याच्या पुढे मैदानभर त्याची ती अवाढव्य ७५ क्रमांकाची जर्सी दिसत राही.

चेंडू घेऊन येणारा तो गडी १९९५ मध्ये एडी जॉर्ज होता. त्या हंगामात तो १,९२७ यार्ड पळाला, त्यांतले ३१४ एकट्या इलिनॉयविरुद्धच्या सामन्यात, आणि हाइझमन त्यालाच मिळाला. जॉर्ज थोर खेळाडू, यात वाद नाही. पण ज्या दारातून तो बाहेर पडायचा ते कोण उघडत होते, हे ओहायो स्टेडियममध्ये बसलेल्यांना कळत होते. घोड्याच्या नालेच्या आकाराचे हे १९२२ चे मैदान. घरच्या सामन्याला इथे लाखाच्या घरात प्रेक्षक जमतात. लोकांची नजर चेंडूवरून सुटून डाव्या बाजूला वळू लागली ती याच काळात. चेंडू निघण्याआधी ७५ कुठे उभा आहे ते हेरायचे, खेळी संपेपर्यंत फक्त त्याच्याकडेच पाहायचे, आणि चेंडूचे काय झाले ते शेजारच्याला विचारायचे. फळीतल्या खेळाडूला याहून मोठी दाद मला तरी सुचत नाही.

पुढच्या वर्षी जॉर्ज व्यावसायिक संघात गेला आणि विद्यापीठाने पेसलाच हाइझमनसाठी पुढे करायचे ठरवले. प्रचार करायचा तर दाखवायचे काय? यार्ड नाहीत, टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळवलेले गुण) नाहीत, झेललेले पास नाहीत. प्रसिद्धी विभागाने तोडगा काढला : पॅनकेकच्या आकाराचे, फ्रिजला चिकटणारे चुंबक करून घेतले आणि ते मतदार पत्रकारांना धाडून दिले. देशभरातल्या क्रीडा पत्रकारांच्या घरी दुधाच्या हिशेबाशेजारी आणि मुलांच्या चित्रांशेजारी हा पॅनकेक लटकला असेल, अशी कल्पना करायला हरकत नाही. मैदानावरच्या गड्यांचा हा शब्द सामान्य प्रेक्षकाच्या तोंडी रुळला तो मुख्यतः या प्रचारामुळे.

निकालात पेस चौथा आला. फ्लोरिडाचा क्वार्टरबॅक डॅनी वुर्फेल पहिला, आयोवा स्टेटचा रनिंग बॅक ट्रॉय डेव्हिस दुसरा, ॲरिझोना स्टेटचा क्वार्टरबॅक जेक प्लमर तिसरा. योगायोग असा, की १ जानेवारी १९९७ च्या रोझ बोल या कॉलेज फुटबॉलमधल्या मानाच्या सामन्यात पेस आणि प्लमरचे संघ समोरासमोर आले आणि शेवटच्या मिनिटातल्या टचडाउनने ओहायो स्टेटने तो सामना २०-१७ असा घेतला. आउटलँड करंडक त्या वर्षी पेसकडे गेला. फळीतल्या खेळाडूंसाठीचा आणखी एक सन्मान, लोम्बार्डी पुरस्कार, तर १९९५ आणि १९९६ असा सलग दोन वर्षे. व्यावसायिक संघ कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीने निवडतात; १९९७ च्या त्या निवडीत सेंट लुईस रॅम्सने त्याला सर्वांत पहिला उचलला. आक्रमक फळीतल्या खेळाडूची अशी पहिली निवड १९६८ नंतर प्रथमच होत होती. रॅम्सबरोबर त्याने सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक अजिंक्यपदाचा अंतिम सामना, जिंकला, आणि २०१६ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला स्थान मिळाले.

मोजणीचा प्रश्न

पॅनकेकच्या आकड्यांवर फार विसंबू नये. मोजणारा पंच नसतो. सामना झाल्यावर फळीचा प्रशिक्षक चित्रफीत पुढे-मागे करत प्रत्येक खेळीला प्रत्येक खेळाडूचे गुण मांडतो, त्यातच एक रकाना पॅनकेकचा. पाठ पूर्ण लागली की नुसता खांदा, समोरचा घसरला की पाडला, हे ठरवणारा त्याच संघाचा माणूस. आईने भरलेल्या प्रगतिपुस्तकावर जितका विश्वास ठेवावा, तितकाच यावर. दोन विद्यापीठांच्या आकड्यांची तुलना तर बिलकूल करू नये. शिवाय हंगामाच्या सुरुवातीला बलाढ्य संघ दुबळ्यांना घरी बोलावतात. त्या एका दुपारी महिनाभराचे पॅनकेक होऊन जातात.

प्रशिक्षकांची तक्रार आणखी वेगळी आहे. चेंडू उजवीकडे गेला आणि डाव्या टॅकलने आपला गडी लोळवला, तर टाळ्या पडतात पण खेळीला उपयोग शून्य. उलट गार्डने अर्धे पाऊल आधी पोचून नुसता खांदा मध्ये घातला तर आठ यार्डांची वाट मोकळी होते आणि ते कोणाला दिसतही नाही. पाच जणांनी एकाच वेळी, एकाच तालात करायचे हे काम. एकाने चौघांना सोडून पराक्रम गाजवला तर भिंतीला भोक पडते. हे सारे खरे. तरी चौथ्या म्हणजे शेवटच्या सत्रात, तीनदा आडवा झालेला बचावपटू पुढच्या वेळी अर्धा क्षण उशिरा उठतो, हेही तितकेच खरे, आणि चाहत्यांना ते बरोबर दिसते.

अलीकडचा काळ

सामूहिक कामाची कदर म्हणून २०१५ पासून जो मूर या प्रशिक्षकाच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला. तो एका खेळाडूला न मिळता देशातल्या सर्वोत्तम आक्रमक फळीला अख्खीच्या अख्खी मिळतो. पहिल्या वर्षी अलाबामाला मिळाला, तर मिशिगनने २०२१ आणि २०२२ असा लागोपाठ दोनदा नेला. करंडकही फळीला शोभेल असाच अवजड, उचलायला चार-पाच जण लागावेत असा. वैयक्तिक कौतुकही थांबलेले नाही. नोत्र दामचा गार्ड क्वेंटन नेल्सन, अमेरिकन सामोआत जन्मलेला आणि ओरेगनकडून खेळताना २०१९ चा आउटलँड करंडक घेणारा पेनेई सिवेल, यांच्या खेळींचे तुकडे चाहते संथ गतीत पुन्हा पुन्हा पाहतात. सिवेलच्या बाबतीत त्यांत पॅनकेकइतकेच त्याचे पळणेही असते.

जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवायची परवानगी मिळाली. त्याच डिसेंबरात टेक्सास विद्यापीठाच्या पाठीराख्यांच्या एका धर्मादाय संस्थेने पॅनकेक फॅक्टरी नावाची योजना जाहीर केली : शिष्यवृत्तीवर खेळणाऱ्या आक्रमक फळीतल्या प्रत्येकाला ऑगस्ट २०२२ पासून वर्षाला ५०,००० डॉलर, बदल्यात समाजकार्याला हातभार. रक्कम सर्वांना सारखीच होती. कोणी किती पाडले याचा हिशेब तिथे धरलेला नव्हता.