पूर्वनिर्मित घरे (खानदेश)

भिंती, छत, जिने असे घराचे भाग कारखान्यात तयार करून जागेवर फक्त जोडायचे, या पद्धतीने उभारलेली घरे. बोलताना सर्रास ‘प्रीफॅब’ म्हणतात. रस्त्याच्या कामावरची पत्र्याची केबिन हे त्यांचे सर्वांत ओळखीचे रूप, पण राहत्या घरांसाठीही ही पद्धत वापरली जाते. खानदेशाला जवळचे उदाहरण इंदूरचे. केंद्र सरकारच्या लाइट हाउस प्रकल्पात 2021 साली तेथे पोलादी सांगाडा आणि सँडविच पॅनेल (दोन पातळ थरांमध्ये हलका गाभा भरलेले तयार तक्ते) वापरून 1,024 घरांचे काम सुरू झाले.

जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत या पद्धतीचा मोठा फायदा पाण्याचा आहे. इकडे बांधकामाचा जोर असतो उन्हाळ्यात, म्हणजे नेमका विहिरी तळाला जातात तेव्हा. नेहमीच्या बांधकामात काँक्रीट पक्के व्हावे म्हणून स्लॅबवर वाळू-सिमेंटची आळी करायची, कॉलमला गोणपाट गुंडाळायचे आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे. कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीट किमान 10 दिवस ओले ठेवावे, असे भारतीय मानक सांगते. टँकरवर जगणाऱ्या गावात तेवढे पाणी आणायचे कोठून? कारखान्यात हेच काम वाफेवर, मोजक्या पाण्यात होते. वाळू-सिमेंटची नासाडी आणि राडारोडाही कमी होतो.

खरी कसोटी मात्र उन्हाची. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात 45 अंशांवर जातो. नुसत्या पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही. तिला पर्यावरणपूरक घर म्हणणे चूक आहे, कारण वाचवलेले सिमेंट पुढे कूलर-एसीच्या विजेत जाते. दोन पत्र्यांमध्ये 50 मिमी पीयूएफ (पॉलियुरेथेन) फोम भरलेली भिंत नऊ इंची विटेच्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता अडवते. पण हा फोम पेट घेतो आणि त्याचा पुनर्वापर अवघड असतो. तेथे रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंचा थर, बरे. जुन्या धाब्याच्या घराची जाड माती दिवसभराचे ऊन पोटात घेते, तसा जडपणा हलक्या पॅनेलला नसतो. म्हणून रुंद छज्जा, पांढरे छत आणि रात्री वारा खेळेल अशा समोरासमोर खिडक्या हव्यातच. राखेचे एएसी पॅनेल, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटचे तक्ते, हा मधला मार्ग. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची राख हाताशी असताना त्याचा विचार आधी व्हावा.

तापी-गिरणाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. घर हलके असले की पाया स्वस्तात उरकता येतो हा समज येथे घातक ठरतो, कारण फुगणारी माती हलके घर अधिक सहज उचलते. भेगांच्या थराखाली जाणारा पाया लागतोच. केळीच्या बागा आडव्या करणाऱ्या वादळांमुळे छताचे बोल्टही तितकेच मजबूत हवेत.

सातपुड्यात मोठे पॅनेल निरुपयोगी, कारण पाड्यापर्यंत क्रेन पोहोचत नाही. तेथील लाकडी सांगाडा आणि बांबूच्या कुडाची घरे मुळातच सुटी करता येणारी आहेत. सरदार सरोवरात गावे बुडाली तेव्हा अनेक कुटुंबांनी घराची लाकडे उतरवून पुनर्वसनाच्या जागी नेली आणि त्यांतूनच पुन्हा घर उभे केले. धडगाव-अक्कलकुव्यासाठी नवी रचना करायची तर चार माणसांना उचलता येईल एवढाच भाग आणि गावच्या सुताराला बदलता येईल असा सांधा, हे माप धरावे लागेल.