योजनेत बसणारा हार्टचा डॉक्टर कसा शोधायचा

"डॉक्टर चांगले आहेत हो, पण ते योजनेत आहेत का?" नातेवाइकाला ब्लॉकेज निघालं की पहिला प्रश्न हाच येतो. खरं तर योजनेत डॉक्टर नसतोच, रुग्णालय असतं. मोफत उपचारांची राज्याची महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना असो किंवा केंद्राची आयुष्मान भारत, सरकार करार करतं तो रुग्णालयाशी, आणि तोही विभागानुसार. त्यामुळे दारावर योजनेचा फलक असला तरी तिथे हृदयरोग विभाग योजनेत असेलच असं नाही. हाडांच्या ऑपरेशनपुरतंच योजनेत असलेलं रुग्णालय बायपास काही योजनेतून करणार नाही.

म्हणून फोनवर "योजना आहे का?" एवढंच विचारू नका. "अँजिओप्लास्टी (ब्लॉकेज फुग्याने उघडून तिथे स्टेंट नावाची बारीक जाळी बसवणं) योजनेतून होते का, आणि अमुक डॉक्टर ती तुमच्याकडे योजनेतून करतात का?" असं विचारा. एकच डॉक्टर दोन-तीन रुग्णालयांत जातात, त्यांतलं एखादंच योजनेत असतं. त्यांच्या खासगी दवाखान्यातली तपासणी फी आणि ओपीडीतली औषधं आपल्याच खिशातून जातात, कारण योजना भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. नुसती अँजिओग्राफी, म्हणजे ब्लॉकेज शोधायची तपासणी, करून घरी यायचं असेल तर ती योजनेत बसेल का, हेही आधीच विचारून ठेवा. वाद बहुतेक वेळा तिथेच होतो.

योजनेतल्या रुग्णालयांची यादी jeevandayee.gov.in या संकेतस्थळावर जिल्हा आणि विभाग निवडून पाहता येते. नाहीतर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर फोन करा. आयुष्मानसाठी १४५५५.

पात्रतेचं आता बरंच सोपं झालंय. पूर्वी पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड लागायचं. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढरं कार्डही आलं आणि उपचारखर्चाची मर्यादा दीड लाखावरून वर्षाला ५ लाखांवर गेली. हे ५ लाख अख्ख्या कुटुंबाचे, माणशी नव्हेत. घरात ७० वर्षांचं किंवा त्यावरचं कुणी असेल तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं काढा. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या या कार्डाला उत्पन्नाची अट नाही, वयाचा पुरावा म्हणून आधार चालतं.

कागदपत्रं मोजकीच: रेशनकार्ड, आधार, असेल तर आयुष्मान कार्ड, आणि डॉक्टरचे कागद, म्हणजे ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि सीडी. पण मोजकी असूनही तीच नडतात. आमच्या मामांच्या जुन्या रेशनकार्डावर त्यांचं नाव हाताने लिहिलेलं होतं, आधारवर आडनावात एक अक्षर वेगळं. त्यात जुन्या पुस्तकावर बारा अंकी ऑनलाइन नंबरच नव्हता. रुग्णालयाच्या काउंटरवर सकाळपासून बसलो, फाईल पुढे सरकेना. शेवटी भाऊ गावी जाऊन तहसीलच्या पुरवठा शाखेतून नंबर आणि नावाची दुरुस्ती करून आला, तेव्हा काम झालं. तुम्ही हे आजच, कुणी आजारी नसताना बघून ठेवा. लेकीसुनांची नावं कार्डावर चढलीत का, तेही बघा.

रुग्णालयात शिरल्यावर थेट बिलिंगकडे न जाता आरोग्यमित्राचं, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या माणसाचं, टेबल गाठा. तो नोंदणी करतो, मग रुग्णालय रिपोर्ट लावून मंजुरीसाठी केस ऑनलाइन पाठवतं. त्यालाच सगळे 'अप्रूव्हल' म्हणतात. एखादा रिपोर्ट कमी असला तर त्रुटी काढून केस परत येते, म्हणून रोज एकदा आरोग्यमित्राला विचारत राहा. भीड बाळगू नका, त्याचं कामच ते आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक एकच. "आत्ता पैसे भरा, अप्रूव्हल आलं की परत मिळतील," असं कुणी म्हटलं तर भरू नका. योजना कॅशलेस आहे, म्हणजे रुग्णाने पैसे भरायचेच नसतात. आधी खर्च करून नंतर सरकारकडून परतावा मागायची सोय तिच्यात नाही. "योजनेतला स्टेंट साधा असतो, वरचे पैसे द्या, भारीतला टाकू" हेही कानावर येईल. असं काही झालं तर सही करण्याआधी टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

छातीत दुखून घाम फुटला असेल तर मात्र याद्या बघत बसू नका. १०८ ला फोन करा, अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना योजनेचं सांगा आणि जवळ उपचार होतील तिथे जा. योजनेतल्या रुग्णालयात तातडीच्या केसला फोनवरून मंजुरी मिळते, कागद मागून दिले तरी चालतात.

लहान मुलाच्या हृदयाला छिद्र असेल तर वाट थोडी वेगळी. अंगणवाडी किंवा शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला गाठा. तिथून जिल्हा रुग्णालय आणि पुढे शस्त्रक्रिया होते.

आणि योजनेत बसलंच नाही तर? मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. त्यासाठी सहसा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागतात. रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर स्टेंटचं नाव आणि नंबर लिहिलाय ना, हे बघूनच बाहेर पडा. फाईलमध्ये स्टेंटच्या खोक्यावरचं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर पहिल्यांदा तेच मागेल.