थायरॉइड शस्त्रक्रियेतील परावटू ग्रंथींचे जतन

थायरॉइड (अवटू ग्रंथी) काढताना तिच्या मागच्या बाजूस चिकटलेल्या परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथी ओळखून, रक्तपुरवठ्यासह जागेवर राखण्याचे तंत्र. या ग्रंथी बहुधा चार असतात. एकेकीचे वजन 30 ते 50 मिलिग्रॅम, आकार मसुराच्या डाळीएवढा. रक्तातले कॅल्शियम त्यांच्या संप्रेरकावर चालते. थायरॉइडशी त्यांचे नाते शेजारापुरतेच. माणसातील या ग्रंथींचे वर्णन स्वीडनच्या ईवार सँडस्ट्रोम यांनी 1880 मध्ये केले. त्याआधी रिचर्ड ओवेन यांना त्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या भारतीय गेंड्यात दिसल्या होत्या.

ओळखण्यात खरी फसगत चरबी करते. चरबी पिवळीधमक असते, लसीकागाठ (लिम्फ नोड) टणक व करडी. परावटू मात्र दुधाळ चहाच्या रंगाची, मऊ आणि चिमट्याच्या टोकाने ढकलली तर आवरणाखाली सरकणारी. वरची जोडी बरीचशी ठरल्या जागी, म्हणजे आवाजाची नस आणि खालची थायरॉइड धमनी एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर सापडते. खालची जोडी भ्रूणावस्थेत छातीतल्या थायमस ग्रंथीसोबत उतरते, त्यामुळे ती कुठेही थांबलेली असू शकते.

ग्रंथी दिसली म्हणजे वाचली, असे नाही. तिची रक्तवाहिनी केसासारखी बारीक असते. म्हणून मुख्य धमनी न बांधता थायरॉइडच्या आवरणालगत एकेक फांदी बांधत जातात. ग्रंथी काळवंडली किंवा चुकून निघून आली, तर तिचे बारीक तुकडे करून मानेच्याच स्नायूत रोवतात. अवरक्त प्रकाशात परावटू स्वतःहून चमकते. त्यासाठीचे कॅमेरे आले आहेत, पण ते नसलेल्या ठिकाणी भिस्त डोळ्यांवर आणि सबुरीवर.

छत्रपती संभाजीनगर (तिथले ‘घाटी’ रुग्णालय), अंबाजोगाई, नांदेड, लातूर ही मराठवाड्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या गावांपैकी काही. इकडे शस्त्रक्रियेनंतरचा कळीचा प्रश्न साधाच असतो : ‘तोंडाभोवती, बोटांत मुंग्या यायल्यात का?’ कॅल्शियम घसरल्याची ही पहिली खूण. दुर्लक्ष झाल्यास हात वाकडे होऊन आखडतात आणि शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट द्यावे लागते. बहुतेकांची घसरण काही आठवड्यांत भरून निघते, काहींना मात्र गोळ्या जन्मभर लागतात. कॅल्शियम सर्वांत खाली जाते ते साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तोवर जिंतूर-औंढ्याचा रुग्ण एसटीने घरी पोचलेलाही असतो. त्यामुळे मुंग्यांची सूचना डिस्चार्ज कार्डावर मराठीत, ठळक अक्षरांत हवी.