टावीनंतर उशिरा उद्भवणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती

छाती न उघडता कॅथेटरने (रक्तवाहिनीतून सरकवलेल्या लवचीक नळीने) हृदयातील महारोहिणीची झडप बदलण्याच्या उपचाराला टावी म्हणतात. झडप हृदयात बसते, पण तिथवर पोहोचण्याची वाट बहुधा जांघेतील रोहिणीतून (धमनीतून) जाते. या वाटेवर झालेली इजा कधीकधी रुग्ण घरी गेल्यावर, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी लक्षात येते.

आलँ क्रिबिए यांनी 2002 मध्ये फ्रान्समधील रूआँ येथे पहिली टावी केली, ती नीलेच्या (शिरेच्या) मार्गाने. पुढे रोहिणीचा मार्ग रूढ झाला. सुरुवातीला 22 ते 24 फ्रेंच जाडीच्या नळ्या लागत (3 फ्रेंच म्हणजे 1 मिमी). आता अनेक झडपांना 14 फ्रेंचची नळी पुरते. इजा त्यामुळे बरीच कमी झाली. तरीही बहुतेक रुग्ण वयस्क असतात, त्यांच्या रोहिण्या कॅल्शियम साचून कडक झालेल्या असतात आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतात.

नळी घालण्यासाठी रोहिणीला पाडलेले छिद्र नीट मिटले नाही तर बाहेर आलेले रक्त भोवतालच्या ऊतींत कोंडून नाडीबरोबर उडणारी गाठ होते. हा छद्म रोहिणीविस्फार. टोचणी मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याच्या खाली गेली, तर दाब द्यायला मागे हाडाचा आधार मिळत नाही आणि हा धोका वाढतो. रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीत गाठीचा अर्धा भाग लाल, अर्धा निळा दिसतो, कारण आत रक्त भोवऱ्यासारखे फिरत असते. लहान गाठ बऱ्याचदा आपोआप गोठते. मोठ्या गाठीत सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत रक्त गोठवणारे थ्रॉम्बिन टोचतात. काही सेकंदांत ते फिरणे थांबते. गाठीचे तोंड रुंद असेल किंवा ती फुटण्याची भीती असेल, तर शस्त्रक्रिया करावी लागते.

रोहिणी आणि नीला यांच्यात थेट जोड तयार झाला, तर जांघेवर हात ठेवल्यावर थरथर जाणवते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते रोहिणी अरुंद होण्याकडे. छिद्र मिटवणारा टाका किंवा कोलॅजेन या प्रथिनाचा बोळा आतला मार्ग आवळतो. चालताना पोटरी भरून येते, थांबल्यावर बरे वाटते. घरचे त्याला वयाचे किंवा गुडघ्याचे दुखणे समजतात, आणि फक्त इकोसाठी (हृदयाच्या सोनोग्राफीसाठी) बोलावलेल्या रुग्णाची जांघ, पायाची नाडी कुणी तपासत नाही. दोन्ही पायांचा रक्तदाब हाताच्या रक्तदाबाशी ताडून पाहिला की शंका येते. अडथळा फुगा घालून किंवा शस्त्रक्रियेने दूर करतात.