अळवावरचं पाणी, बॉनेटवरचं पाणी

शोरूममधल्या मुलाने बिसलेरीची बाटली उघडली आणि डिस्प्लेच्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर सरळ ओतली. पाणी क्षणभर पसरलं, मग आकसलं, त्याचे टपोरे थेंब झाले आणि उतारावरून घरंगळत गेले. "बघा सर, धूळपण अशीच निघून जाणार," तो माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाला. गाडी माझ्या नावावर, हप्ते माझ्या पगारातून, पण ते असो. सिरॅमिक कोटिंगचे अठ्ठावीस हजार, पाच वर्षांची वॉरंटी, 'नाइन एच' कडकपणा, आणि आजच बुकिंग केलं तर टेफ्लॉन फुकट.

मी रसायनशास्त्र शिकवते. थेंब बघून मला आईच्या परसातला अळू आठवला.

अळूच्या पानावर पाण्याचा थेंब जवळजवळ पूर्ण गोल राहतो. थेंबाची कड पानाला जिथे टेकते तिथल्या कोनाला स्पर्शकोन म्हणतात, आणि अळवावर तो १५० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त भरतो. पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात, त्यांच्यावर मेणाचे आणखी बारीक कण. थेंब त्या टोकांवर उभा असतो आणि त्याच्या पोटाखाली हवा असते. म्हणून तो टिकत नाही, आणि म्हणून भाषेत 'अळवावरचं पाणी' आलं. गाडीला हे जमत नाही, कारण असा खडबडीतपणा सहसा चकाकी घालवतो. अळूचं पान बघा, ते मंदच दिसतं. आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर पाणी झटकणारं कितीही जालीम रसायन लावलं तरी स्पर्शकोन १२० अंशांच्या आसपास अडकतो. चांगलं सिरॅमिक कोटिंग १०० ते ११० पर्यंत जातं.

आता गंमत अशी, की ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं कार्नुबा मेण काही शे रुपयांच्या डबीत मिळतं, आणि ते नुकतं लावलेलं असताना बॉनेटवर बाटली ओतली तर थेंब जवळपास तसेच होतात. फरक पडतो तो टिकण्यात. मेण काही आठवड्यांत उन्हाने आणि शाम्पूने उतरतं, सिरॅमिक रंगाला रासायनिक बंधाने धरून वर्ष-दोन वर्षं किंवा अधिक राहतं. पण ते बाटलीच्या प्रयोगात दिसतच नाही. त्या प्रयोगातून एवढंच कळतं, की गाडीवर पाणी न आवडणारं काहीतरी लावलंय.

मग खरं काय विकत घेतोय ते बघायला रंगाच्या आत शिरावं लागतं. गाडीच्या पत्र्यावर आधी फॉस्फेटचा हात, मग विजेच्या साहाय्याने चढवलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढे किंवा थोडे जास्त. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. आपण ज्याला गाडीची चमक म्हणतो ती या अर्ध्या कागदाएवढ्या थराची. सिरॅमिक कोटिंग त्यावर बसतं साधारण एका मायक्रॉनचं. केस ७० मायक्रॉनचा धरला, तर त्याचा सत्तरावा भाग.

हे कोटिंग बाटलीत द्रव असतं. सिलिकॉनची संयुगं हवेतल्या बाष्पाशी संयोग पावून काचेच्या जातीचं जाळं विणतात. म्हणून वर्कशॉपवाले पहिले काही दिवस गाडी धुवू नका म्हणतात, आणि ते मात्र खरंच ऐकावं.

'नाइन एच'कडे येऊ. ऐकणाऱ्याला वाटतं, हिरा दहा, हे नऊ! ती मोजपट्टी वेगळी. फ्रीडरिश मोज याने १८१२मध्ये खनिजांची क्रमवारी लावली, त्यात नऊवर माणिक आणि नीलम आहेत. 'एच' मात्र पेन्सिलीचा. शाळेतल्या एचबी पेन्सिलीचाच तो कडक भाऊ. रंगाच्या चाचणीत पेन्सिलीचं टोक ४५ अंशांत धरून ठरावीक वजनाने रंगावरून ओढतात, आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा पडला ते बघतात. 'नाइन एच' म्हणजे सगळ्यात कडक पेन्सिलीनेही ओरखडा पडला नाही. पेन्सिल म्हणजे ग्रॅफाइट आणि माती. गाडीवर पेन्सिली घेऊन कोणी येत नाही, धूळ येते.

पुण्याच्या धुळीत काय असतं? दख्खनचा बेसॉल्ट. डोंगर, खाणी, खडी क्रशर, बांधकामावरची क्रश सँड, सगळं त्याच काळ्या पाषाणाचं. त्यातलं फेल्डस्पार मोजच्या पट्टीवर सहाच्या आसपास येतं, साधी काच साडेपाचला. नदीच्या वाळूतलं क्वार्ट्झ तर सात. म्हणजे कोटिंग अस्सल काचेचं झालं, तरी आपली धूळ तिच्याहून कडक. शिवाय ही काच बसलीय मऊ प्लास्टिकवर, म्हणजे क्लिअर कोटवर. पावसानंतर ऊन पडलं की चिखलावर कडक पापडी धरते, पण पाय ठेवला की आत जातोच, तसं. त्यामुळे 'स्क्रॅचप्रूफ' हा शब्द कुणी वापरला, की मी समोरच्याच्या बाकीच्या बोलण्यातूनही निम्मं वजा करते.

ओरखड्यांचं एक दृश्य मात्र घरबसल्या बघण्यासारखं आहे. रात्री सोसायटीच्या एलईडी दिव्याखाली उभी असलेली काळी किंवा गडद निळी गाडी बघा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल चकरी दिसते. गाड्या चकाकवून देणारे डीटेलिंगवाले तिला स्वर्ल मार्क म्हणतात, आणि सगळे समजतात की कोणीतरी गोल गोल पुसलंय. आता दोन पावलं बाजूला सरका. चकरी तुमच्याबरोबर सरकते. गाडीवर कोरलेली असती तर जागची हलली नसती.

स्वयंपाकघरातलं जुनं स्टीलचं ताट बल्बखाली धरलं तरी हेच दिसतं. ताट रोज घासलेलं, ओरखडे वाट्टेल त्या दिशांचे. प्रत्येक ओरखडा म्हणजे एक बारीक पन्हळ, आणि पन्हळ प्रकाश फेकते ती तिच्या लांबीला आडवा. त्यामुळे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती नेमके तेच ओरखडे आपल्या डोळ्यांपर्यंत चमक पोहोचवतात, जे त्या जागी प्रतिबिंबाला आडवे पडलेत. बाकीचे तिथेच असतात, पण त्यांची चमक भलतीकडे जाते. आडव्या तुकड्यांची मालिका जोडली की वर्तुळ दिसतं. वर्तुळ ओरखड्यांत नसतंच, ते दिवा, गाडी आणि आपला डोळा यांच्या मांडणीत असतं. 'गोल पुसू नका, सरळ पुसा' या सल्ल्यात तथ्य एवढंच, की सगळे ओरखडे एकाच दिशेचे असले तर ते एखाद्याच कोनातून चमकतात. पडतात तेवढेच.

पांढऱ्या गाडीवर हेच ओरखडे असतात, पण खालचा पांढरा रंग स्वतःच इतका प्रकाश चहूकडे उधळतो की त्यांची चमक हरवून जाते. आपल्याकडे सगळ्यात जास्त पांढऱ्याच गाड्या खपतात. त्या मालकांनी चकरीच्या धास्तीने अठ्ठावीस हजार खर्च करावेत, असं मला वाटत नाही.

कोटिंगचा खरा उपयोग होतो रसायनांविरुद्ध, आणि तोही वेळ मिळवून देण्यापुरता. पक्ष्यांची विष्ठा घ्या. उन्हात काळं बॉनेट ७० अंशांवर जातं. क्लिअर कोट मऊ होतो, फुगतो. वरची विष्ठा मात्र वाळून कडक होते. संध्याकाळी गाडी थंड झाली की क्लिअर कोट आकसतो, आणि आकसताना त्या वाळलेल्या खपलीचा साचा उचलतो. धुतल्यावर जो डाग राहतो तो बरेचदा रंगाचा नसतो, पृष्ठभागाच्या आकाराचा असतो. यात आम्लाचा आणि पाचक विकरांचाही हात असतो. रंगाच्या प्रयोगशाळांत तर पक्ष्यांऐवजी पॅन्क्रिएटिन हे विकरांचं मिश्रण वापरतात. कोटिंग असलं तर खपली कमी चिकटते, पण दिवसभर उन्हात ठेवली तर साचा उठतोच. दुपारच्या आत ओला टिश्यू पाच मिनिटं ठेवून अलगद उचलणं, हा उपाय फुकट आहे.

मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावली की काचेवर चिकट तुषार पडतात. तो झाडाचा चीक नव्हे, तुडतुड्यांनी टाकलेला गोड रस. तो कोटिंगवरून खरंच पटकन निघतो. याच्या उलट बेसमेंट पार्किंगमध्ये स्लॅबच्या फटीतून ठिबकणारं पाणी. काँक्रीटमधला चुना घेऊन ते उतरतं, अतिशय अल्कधर्मी असतं, आणि वाळलं की पांढरे ओघळ सोडतं. तीव्र अल्कली सिलिकालाच, म्हणजे कोटिंगच्या त्या काचेच्या जाळ्यालाच, खाते, त्यामुळे कोटिंग इथे हात टेकतं. पार्किंगची जागा बदलून मागा, सेक्रेटरींशी भांडावं लागलं तरी.

बोअरच्या पाण्याची तर वेगळीच तऱ्हा. थेंब टपोरे राहतात म्हणजे ते जागच्या जागी वाळतात, आणि पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम थेंबाच्या कडेला गोल करून ठेवतात. कोटिंग केलेली गाडी धुऊन तशीच उन्हात सोडली, तर साध्या गाडीपेक्षा जास्त ठिपके पडू शकतात. जे मोती दाखवून विकलं, तेच मोती डाग पाडतात.

आणि एक गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही. कोटिंगच्या आधी रंग पॉलिश करतात, आणि पॉलिश म्हणजे क्लिअर कोट काही मायक्रॉन घासून काढणं. अतिनील किरण शोषणारी द्रव्यं त्याच थरात असतात. शुद्ध सिलिका अतिनील किरणांना जवळपास पारदर्शक, तीही एका मायक्रॉनची. त्यामुळे 'यूव्ही प्रोटेक्शन'साठी नव्याकोऱ्या गाडीचा क्लिअर कोट जोरात घासायचा, हा व्यवहार मला अजून उमगलेला नाही. जुन्या, चकरी पडलेल्या गाडीवर मात्र कोटिंगनंतर जी झळाळी दिसते, ती बव्हंशी त्या पॉलिश करणाऱ्याच्या हाताची असते.

फुकटच्या टेफ्लॉनबद्दल दोन वाक्यं. तव्यावर ते पक्कं बसवायला साडेतीनशे अंशांच्या आसपास भाजावं लागतं. तेवढ्या उष्णतेत गाडीचा रंगच उरणार नाही.

दगडापासून वाचवते ती एकच गोष्ट, पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म. पॉलियुरेथेनची १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पारदर्शक फिल्म. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळूपासून वाचवायला अशा टेपा वापरल्या, तिथून ती गाड्यांवर आली. समोरच्या डंपरमधून एक ग्रॅमची खडी उडाली आणि गाडीला ताशी १०० किलोमीटरने भिडली, तर त्या टोकाएवढ्या जागी सुमारे ०.४ ज्यूल ऊर्जा उतरते. वेग निम्मा केला तर ती पावपट होते. फिल्म दबते, धक्का पसरवते आणि परत वर येते. बारीक ओरखडे तर उन्हात किंवा गरम पाण्याने भरूनही येतात. पण पूर्ण गाडीला लाखाच्या घरात खर्च जातो, आणि स्वस्तात पीव्हीसीची फिल्म गळ्यात मारली तर ती पिवळी पडते. टीपीयू, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, आहे का, हे बिलावर लिहून घ्यावं.

आमचं गाव सावंतवाडीजवळ. वर्षातून चार-पाच वेळा आंबोली घाट, चिऱ्याचे आणि खडीचे ट्रक. म्हणून मी फक्त पुढचा बंपर, बॉनेटची पुढची पट्टी आणि आरसे यांना फिल्म लावली. शोरूमचं पॅकेज नाकारलं. शहरातल्या शहरात ऑफिसला जाणारी गाडी असती, तर तेही केलं नसतं. काळी गाडी हौसेने स्वतः धुणाऱ्याला मात्र कोटिंग जरूर परवडतं, कारण धुण्याचे कष्ट खरंच कमी होतात.

राहिला रोजचा प्रश्न. आमच्या सोसायटीत सकाळी सहाला मामा येतात, एक बादली आणि एक पिवळं फडकं घेऊन बावीस गाड्या पुसतात. आमची गाडी येईपर्यंत त्या फडक्यात आधीच्या सतरा गाड्यांचा बेसॉल्ट जमलेला असतो. मी त्यांना म्हटलं, "मामा, रोज पुसू नका. आठवड्यातून एकदा नुसतं भरपूर पाणी मारा, फडकं मी देते ते वापरा."

मामांनी माझ्याकडे जरा संशयाने बघितलं. "ताई, पैसे तेवढेच ना?"

"तेवढेच."

"न पुसायचे?"

"न पुसायचे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या कुलकर्णीकाकांना विचारलं, तुमच्या गाडीचं पण तसंच करू का म्हणून.